वऱ्हाडचा विक्रीकर आणि सोन्याचांदीचे नाणे

नाताळचे दिवस जवळ आले, अथवा घरात बाप्तिस्मा, प्रथम कम्युनियन किंवा लग्न असे काही कार्य निघाले, की आमच्या वऱ्हाडातील ख्रिस्ती कुटुंबांत एक विषय हमखास निघतो. मुलाच्या हातावर काय ठेवायचे? चांदीचे नाणे, की ऐपत असल्यास ग्रॅमभर सोन्याचे? पूर्वी यापुढचा प्रश्न उद्भवतच नसे. अमरावतीचा किंवा अकोल्याचा सराफा, आणि चांदी अधिक लागणार असेल तर खामगाव, एवढ्यावर भागत असे. आता घरातील तरुण मुलगा मोबाइलवर नाणे पसंत करतो, पैसेही तेथूनच भरतो आणि चार दिवसांत नाणे घरपोच येते. सोबतच्या बिलावर नाण्याच्या किमतीखाली आणखी एक ओळ असते : कर, तीन टक्के. ती पाहून घरातील वडीलधारी माणसे साहजिकच विचारतात की, नाणे म्हणजे पैसा. मग पैशावरही विक्रीकर कसा लागतो? आणि दुकान परराज्यात, माणूस अकोल्यात, तर हा कर जातो कोणाच्या तिजोरीत?

हे दोन्ही प्रश्न वाटतात त्याहून जुने आहेत. त्यांची उत्तरे शोधू लागल्यास वाट आपल्या वऱ्हाडातूनच जाते. कारण भारतात विक्रीकराचा आरंभ ज्या प्रांताने केला, तो मध्यप्रांत व वऱ्हाड हाच होता. हा इतिहास आमच्या वाचकांपुढे थोडक्यात ठेवावा, असा या लेखाचा हेतू आहे.

पुतळी, रुपया आणि तोळा

आपल्याकडे नाण्याने दोन कामे केली. एक बाजारात चालण्याचे आणि दुसरे गळ्यात मिरविण्याचे. पुतळ्यांची माळ मराठी घरांत सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु 'पुतळी' हे मुळात परदेशी नाणे होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. इटलीतील व्हेनिस नगरराज्याने १२८४ साली डुकाट नावाचे, साडेतीन ग्रॅम वजनाचे, जवळजवळ शुद्ध सोन्याचे नाणे पाडण्यास सुरुवात केली. तांबड्या समुद्राच्या व्यापारमार्गाने ते पश्चिम किनाऱ्यावर आले आणि तेथून देशावरील सराफांच्या पेढ्यांवर पोहोचले. नाण्याच्या एका बाजूस संत मार्क आणि त्यांच्यापुढे गुडघे टेकून ध्वज स्वीकारणारा व्हेनिसचा अधिपती. दुसऱ्या बाजूस ताऱ्यांच्या वलयात आशीर्वाद देत उभा असलेला प्रभू ख्रिस्त. या मानवी आकृत्यांमुळे लोकांनी त्या नाण्यास 'पुतळी' म्हटले. सोने चोख, वजन ठरलेले, म्हणून त्यावर विश्वास बसला. १७९७ साली व्हेनिसचे प्रजासत्ताक मोडले. पण येथील सोनारांनी त्या नाण्याच्या नकला घडविणे चालूच ठेवले आणि आकृत्या हळूहळू आपल्या देवादिकांच्या झाल्या. ज्या दागिन्याला आपण अस्सल मराठमोळा मानतो, त्याच्या मुळाशी संत मार्कांची प्रतिमा असावी, ही गोष्ट ख्रिस्ती वाचकांस खचितच रोचक वाटेल. नाणे धातू म्हणून घेतले जाते, दागिना होते आणि त्यावरील राजसत्ता विसरली जाते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

चांदीची कथा अधिक जवळची आहे. मोगलांच्या आणि पुढे निजामाच्या काळात अचलपुरास, म्हणजे तेव्हाच्या एलिचपुरास, टांकसाळ होती. १८५३ साली हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे सोपविला. त्यानंतर वऱ्हाडच्या बाजारात कंपनीचा रुपया, म्हणजे 'कलदार', वरचढ ठरला. निजामाच्या हाली शिक्क्याशी त्याची अदलाबदल करताना सराफ बट्टा घेत. १८३५ पासून साऱ्या ब्रिटिश मुलखासाठी एकच रुपया ठरला होता : वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. तोळ्याचे वजनही तेच. म्हणजे रुपया हे एकाच वेळी चलन होते आणि वजनाचे मापही होते. आज बाजारात तोळा म्हटले की दहा ग्रॅम समजतात. जुन्या तोळ्याची आठवण रुपयानेच राखली आहे.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला पूर्वी कधी न मिळालेला भाव आला. १८६७ साली लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपुरास पोहोचला. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खामगावचा फाटा खुला झाला. मुंबईकडे कापसाचे गठ्ठे जात आणि तिकडून चांदी येत असे. पीक विकून आलेला पैसा ठेवायला खेड्यात बँक नव्हती. राणीछाप रुपया मडक्यात पुरला जाई, नाही तर आटवून त्याचे कडे, तोडे केले जात; बंजारा स्त्रियांच्या अंगावर तर रुपयेच दागिना म्हणून शोभत. चांगल्या वर्षी घेतलेली चांदी वाईट वर्षी मोडायची, हाच शेतकऱ्याचा विमा. वऱ्हाडात कापसाला पांढरे सोने म्हणतात. त्या पांढऱ्या सोन्याचे चांदीत रूपांतर होणे ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती आणि खामगावच्या चांदीच्या पेठेचा लौकिक आजही टिकून आहे.

पैसा माल कधी होतो?

जोवर रुपयातील चांदीची किंमत आणि रुपयाची किंमत एकच होती, तोवर 'नाणे हा पैसा की माल' हा प्रश्न निरर्थक होता. कोणीही चांदी घेऊन मुंबईच्या टांकसाळीत जावे, थोडे शुल्क भरावे आणि रुपये पाडून आणावेत, अशी मुभा होती. जगात चांदीचा भाव कोसळू लागल्यावर २६ जून १८९३ रोजी सरकारने ही मुभा बंद केली. त्या दिवसापासून रुपयाची किंमत सरकारी शिक्क्यावर ठरू लागली. आतील चांदी त्याहून स्वस्त झाली. रुपया आणि चांदी यांची फारकत झाली ती तेव्हा.

दुसऱ्या महायुद्धात उलटा प्रसंग आला. चांदी महागली, लोक रुपये दडवू लागले. १९४० साली सरकारने रुपयातील चांदी निम्म्यावर आणली आणि जुने चोख रुपये चलनातून मागे घेण्यास आरंभ केला. राणी व्हिक्टोरियाचा रुपया १९४१ साली, सातव्या एडवर्डचा १९४२ साली आणि पंचम जॉर्ज व सहावे जॉर्ज यांचा जुन्या कसाचा रुपया १९४३ साली कायदेशीर चलन म्हणून संपला. १९४७ साली निकेलचा रुपया आला आणि रुपयातील चांदी पूर्णपणे गेली.

याचा अर्थ असा की, आजीच्या पेटीतील राणीछाप रुपया १९४१ सालापासून पैसा राहिला नाही. तो चांदीची एक वस्तू झाला. हा भेद केवळ शब्दांचा नाही. १९३० च्या माल विक्री कायद्यात मालाची जी व्याख्या आहे, तिच्यातून पैसा स्पष्टपणे वगळला आहे. पैसा विकला जात नाही. पैशाने विकत घेतले जाते. म्हणून चालत्या नाण्यावर विक्रीकर बसू शकत नाही. मात्र नाणे चलनातून गेले, अथवा मुळातच चलन म्हणून पाडलेले नसले, की ते मालाच्या रांगेत येऊन बसते. २०१७ च्या वस्तू व सेवा कर कायद्याने हाच विचार पुढे नेला आहे. त्यात पैसा हा मालातून वगळला आहे. पण संग्राह्य वस्तू म्हणून जे चलन बाळगले जाते त्याला पैशाच्या व्याख्येत स्थान दिलेले नाही. सराफाकडील लक्ष्मीचे, गणपतीचे किंवा नाताळसाठी घेतलेले नक्षीदार नाणे तर कधीच पैसा नव्हते. ते नाण्याच्या आकाराची धातूची वस्तू होय. आमच्या वडीलधाऱ्यांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे.

१९३८ : विक्रीकराचा आरंभ

आता विक्रीकराकडे वळू. १९०२ च्या करारान्वये निजामाने वऱ्हाड वर्षाला पंचवीस लाख रुपयांच्या मोबदल्यात इंग्रजांना कायमच्या पट्ट्याने दिला आणि १९०३ साली तो मध्यप्रांताला जोडण्यात आला. नावाची मालकी निजामाचीच राहिली; त्यामुळे १९३६ साली त्याच्या युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी मिळाली. १९३५ च्या कायद्याने मध्यप्रांत व वऱ्हाड हा एकच प्रांत म्हणून चालावा असे ठरले. १९३७ साली निवडणुका होऊन काँग्रेसची मंत्रिमंडळे अधिकारावर आली. नागपुरास आधी डॉ. ना. भा. खरे आणि १९३८ च्या जुलैपासून पंडित रविशंकर शुक्ल हे मुख्य मंत्री होते.

या लोकनियुक्त सरकारांपुढे मोठी अडचण उभी राहिली. शाळा काढायच्या होत्या. शुक्लांची विद्यामंदिर योजना याच काळातील. दारूबंदीचे वचन दिलेले होते आणि दारूवरील अबकारी हे तर प्रांतांच्या उत्पन्नाचे एक मुख्य साधन होते. शेतसारा वाढविणे शक्य नव्हते. मिळकतीचे भरघोस मार्ग मध्यवर्ती सरकारकडे होते. मात्र १९३५ च्या कायद्यातील प्रांतिक यादीत ४८ व्या क्रमांकावर एक नोंद होती : मालाच्या विक्रीवरील कर. तिचा उपयोग तोवर कोणी केला नव्हता. मध्यप्रांत व वऱ्हाडच्या विधिमंडळाने १९३८ साली मोटारचे तेल व वंगण यांच्या किरकोळ विक्रीवर शेकडा पाच कर बसविणारा कायदा संमत केला.

दिल्लीला हे रुचले नाही. मालावरील उत्पादनकर बसविण्याचा अधिकार मध्यवर्ती सरकारचा होता आणि पेट्रोलवरील विक्रीकर हा उत्पादनकराचेच दुसरे रूप आहे, असा तिचा दावा होता. गव्हर्नर जनरलने हा प्रश्न नव्याने स्थापन झालेल्या संघ न्यायालयाकडे मत मागण्यासाठी पाठविला. सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर, सर शाह सुलेमान आणि आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर या तिघांनी तो ऐकला. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले ते हेच जयकर. न्यायालयाच्या आरंभीच्या काळातील हे महत्त्वाचे प्रकरण. तिघांचेही मत एक झाले : माल तयार होताना त्यावर बसणारा कर वेगळा आणि तो ग्राहकास विकताना बसणारा कर वेगळा, दुसरा कर प्रांताच्या अधिकारातील आहे. वऱ्हाडच्या मोटारस्टँडवर विकल्या जाणाऱ्या पेट्रोलच्या निमित्ताने साऱ्या प्रांतांना उत्पन्नाचे दार उघडले.

पुढच्याच वर्षी, १९३९ साली, मद्रास प्रांताने सर्वसाधारण विक्रीकर आणला. बंगालने १९४१ साली आणि मुंबईने १९४६ साली तोच मार्ग धरला. १९४७ साली आपल्या प्रांताचा मध्यप्रांत व वऱ्हाड विक्रीकर कायदा झाला. पेट्रोलपुरता असलेला कर आता बहुतेक सर्व व्यापारात आला आणि अमरावती-अकोल्याच्या पेठांत विक्रीकराच्या वह्या लिहिल्या जाऊ लागल्या.

विक्री घडते कोठे?

आता दुसरा प्रश्न. घेणारा एका गावी, विकणारा दुसऱ्या गावी, तर विक्री घडली कोठे? हा प्रश्न ऑनलाइन बाजाराने निर्माण केलेला नाही. वऱ्हाडच्या कापसाने तो पाऊणशे वर्षांपूर्वी विचारला होता. सरकी काढून दाबलेल्या गाठी वऱ्हाडात असत. सौदा मुंबईत होई. पैसे मुंबईत मिळत. १९४७ च्या कायद्यातील एका स्पष्टीकरणाने असे ठरविले की, सौद्याच्या वेळी माल जर प्रांतात असेल, तर सौदा कोठेही होवो, विक्री प्रांतातच झाली असे मानावे. प्रांताच्या दृष्टीने ते स्वाभाविक होते; आपल्या मातीतील कापसावरचा कर मुंबईने का न्यावा? परंतु नागपूरच्या उच्च न्यायालयाने हे स्पष्टीकरण विधिमंडळाच्या अधिकाराबाहेरचे ठरविले. १९५४ साली हिंमतलाल हरिलाल मेहता विरुद्ध मध्यप्रदेश राज्य या कापसाच्याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक तत्त्व सांगितले : कायद्याचा आधार नसलेला कर वसूल करण्याचा नुसता धाक घालणे, हाही नागरिकाच्या व्यवसायस्वातंत्र्यावरील आघात आहे आणि त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागता येते. कराची नोटीस हाती येताच घाबरून जाणाऱ्या लहान दुकानदाराने हा निर्णय लक्षात ठेवण्याजोगा आहे.

लगेच १९५५ साली बेंगॉल इम्यूनिटी कंपनीचा खटला निकालात निघाला. ही कंपनी कलकत्त्यात लसी व औषधे तयार करी, मागण्या तेथेच स्वीकारी आणि माल आगगाडीने, बोटीने किंवा विमानाने बिहारात पाठवी. बिहारात तिचे दुकान नव्हते, दलालही नव्हता. तरीही बिहार सरकारने कर मागितला. सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन अशा मताधिक्याने ठरविले की, संसदेने तरतूद करीपर्यंत दोन राज्यांमधील अशा व्यापारावर राज्यांना कर बसविता येणार नाही. घरबसल्या मागणी नोंदवून दूरच्या दुकानातून माल मागविण्याचाच हा प्रकार नव्हे काय? फरक एवढाच की, तेव्हा मागणी पत्राने जाई.

त्यावर १९५६ साली घटनेत सहावी दुरुस्ती झाली आणि केंद्रीय विक्रीकर कायदा आला. राज्याराज्यांतील व्यापारावर कर बसेल, तो केंद्राच्या कायद्याखाली बसेल, पण माल जेथून निघाला त्या राज्याच्या तिजोरीत पडेल, अशी ती व्यवस्था होती. हा कर आरंभी शेकडा एक होता. १९७५ साली चार झाला आणि २००८ साली दोनवर आला. शेवटच्या ग्राहकाला मात्र, व्यापाऱ्यासाठी असलेली ही सवलत मिळत नसे.

त्याच १९५६ च्या १ नोव्हेंबरला वऱ्हाडासह विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले. आपला जुना प्रांतिक कायदा येथे काही काळ चालू राहिला. १ जानेवारी १९६० पासून मुंबई विक्रीकर कायदा, १९५९ लागू झाला आणि चार महिन्यांतच महाराष्ट्र राज्याची स्थापना झाली. १ एप्रिल २००५ रोजी मूल्यवर्धित कर आला. त्यात सोन्याचांदीवरील दर आरंभी केवळ एक टक्का होता. दर इतका कमी ठेवण्यामागे दयाबुद्धीपेक्षा व्यवहार अधिक आहे. सोने लहान, मौल्यवान आणि लपविण्यास सोपे. दर वाढविला की ते बिलाशिवाय फिरू लागते.

परदेशांतही हाच पेच पडला. अमेरिकेत एखाद्या राज्यात दुकान नसलेल्या विक्रेत्याकडून त्या राज्याने विक्रीकर वसूल करावा की नाही, हा वाद दीर्घकाळ चालला. २०१८ साली साउथ डाकोटा राज्याच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने राज्यांच्या बाजूने कौल दिला. युरोपीय संघाने २००० सालापासून गुंतवणुकीचे सोने मूल्यवर्धित करातून मुक्त केले. चांदीला ती सूट दिली नाही. सोने हा माल की साठवलेला पैसा, याबाबत जगाचे एकमत अद्याप झालेले नाही.

सोनाराची भट्टी थंडावली तेव्हा

कराखेरीज आणखी एका कायद्याने नाण्यांचा व्यवहार अडविला होता, तोही सांगितला पाहिजे. चिनी आक्रमणानंतर परकीय चलनाची चणचण भासू लागली, तेव्हा अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आणले. चौदा कॅरटांपेक्षा अधिक कसाचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली. आपल्या बायकांना चौदा कॅरटांचे सोने पटेना आणि गावोगावच्या सोनारांच्या भट्ट्या थंडावल्या. पिढीजात कारागिरांची कुटुंबे उघड्यावर आली. काहींनी जीवही दिला. पुढे निर्बंध काहीसे सैल झाले तरी १९६८ च्या कायद्याने सोन्याच्या लगडी खाजगी व्यक्तीने बाळगणे निषिद्धच राहिले. चोरट्या आयातीला मात्र ऊत आला. अखेर १९९० साली अर्थमंत्री प्रा. मधु दंडवते यांच्या कारकिर्दीत हा कायदा रद्द झाला. बँकांनी आणि मोठ्या पेढ्यांनी पाकीटबंद नाणी विकावीत, आणि पुढे ती घरबसल्या मागविता यावीत, हे त्यानंतरच शक्य झाले. ५ नोव्हेंबर २०१५ रोजी भारत सरकारने अशोकचक्र आणि महात्मा गांधींची प्रतिमा असलेले पाच व दहा ग्रॅमचे सुवर्णनाणे स्वतःच विक्रीस आणले. पन्नास वर्षांपूर्वी ज्या सरकारने सोन्याकडे पाठ फिरवा म्हणून सांगितले, त्याच सरकारचे हे नाणे होते.

आजच्या बिलाचे वाचन

१ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि सोने, चांदी व त्यांची नाणी यांवर तीन टक्के दर ठरला. २०२५ च्या सप्टेंबरात अनेक दर बदलले, तेव्हाही हा दर तसाच राहिला. अकोल्याच्या सराफाकडून नाणे घेतले तर दीड टक्का केंद्राचा आणि दीड टक्का राज्याचा, असे दोन भाग बिलावर दिसतात. चेन्नईच्या किंवा दिल्लीच्या विक्रेत्याकडून ऑनलाइन मागविले, तर 'एकात्मिक कर' या नावाने एकच तीन टक्क्यांची ओळ दिसते. ग्राहकाला दोन्हीकडे सारखाच भार. म्हणजे ऑनलाइन घेतल्याने कर वाचतो, हा समज निराधार आहे.

मात्र एक मोठा पालट झाला आहे. जुन्या केंद्रीय विक्रीकरात पैसा माल निघाला त्या राज्याकडे राही. नव्या व्यवस्थेत माल जेथे पोहोचतो ते राज्य हक्कदार ठरते. नाणे दिल्लीहून निघो की चेन्नईहून, ते अकोल्याच्या घरी पोहोचले, तर करातील राज्याचा वाटा महाराष्ट्राला मिळतो. कापसाच्या गाठींसाठी १९४७ साली आपल्या प्रांताने जो हक्क सांगितला होता, तो पिकविणाऱ्या प्रदेशाचा हक्क होता. आज हक्क वापरणाऱ्या प्रदेशाकडे आला आहे. माल पाठविणारी राज्ये या बदलावर आरंभी नाराज होती, याचे कारण हेच.

सामान्य कुटुंबाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. घडणावळीसह दहा हजार रुपयांचे नाणे घेतले, तर तीनशे रुपये कर होतो. व्यापारी भरलेल्या कराची वजावट पुढच्या व्यवहारात घेतो. गृहिणीला ती सोय नाही. उद्या अडचण आली आणि नाणे मोडावे लागले, तर सराफ धातूचा भाव देईल. घडणावळ व तीनशे रुपये परत मिळणार नाहीत. बँकेतून घेतलेले नाणे तर बँक परत विकतही घेत नाही. शिवाय नाण्याच्या भावातच आयातशुल्क मिसळलेले असते. ते २०२२ साली पंधरा टक्क्यांवर गेले होते आणि जुलै २०२४ मध्ये सहा टक्क्यांवर आणले गेले. अशा फेरफाराने घरातील सोन्याची किंमत एका दिवसात खालीवर होते. म्हणून ग्रॅमभराची अनेक नाणी वर्षभर घेत राहण्यापेक्षा, घेणेच असेल तर एकदाच थोडे मोठे नाणे घ्यावे. लहान नाण्यावर घडणावळीचा भार प्रमाणाने अधिक पडतो.

बिल कसे तपासावे, हेही सांगतो. त्यावर विक्रेत्याचा पंधरा अंकाक्षरांचा नोंदणी क्रमांक असतो. त्यातील पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. विक्रेता महाराष्ट्रातील आणि बिलावर एकात्मिक कर, किंवा परराज्यातील विक्रेता आणि बिलावर कराचे दोन भाग, असे दिसले तर खुलासा विचारावा. वजन, कस आणि घडणावळ वेगवेगळी लिहिलेली असावी. ऑनलाइन बाजारपेठ विक्रेत्याच्या रकमेतून आपल्याकडे अर्धा टक्का कर कापून ठेवते. तो विक्रेत्याच्या खाती जमा होतो, ग्राहकाने तो वेगळा देण्याचे कारण नाही. दोन लाखांवरील खरेदीस पॅन क्रमांक द्यावा लागतो.

शेवटी एक गोष्ट धर्मगुरू या नात्याने लिहिणे आमचे कर्तव्य आहे. सराफ्यात आजही कोठे कोठे विचारले जाते : 'बिल हवे, की बिनबिलाचे?' बिनबिलाच्या नाण्यात तीन टक्के वाचतात, हे खरे. पण कस खोटा निघाला तर दाद मागायला कागद राहत नाही. वारसांत वाटणी होताना खरेदीचा पुरावा राहत नाही. आणि चोरी झाल्यास फिर्यादीला आधार राहत नाही. गरिबाचे नुकसान येथे अधिक, कारण त्याची आयुष्याची पुंजी त्या दोन नाण्यांत असते. त्याहून गंभीर म्हणजे, ज्या करातून शाळा आणि दवाखाने चालतात, तो बुडविणारा शेवटी शेजाऱ्याच्याच ताटातले काढतो. १९३८ साली हा कर आला तो शाळा आणि दारूबंदी यांच्या चिंतेतूनच, हे आपण वर पाहिले. त्याचबरोबर करदात्यालाही हक्क आहे. गरिबाच्या ग्रॅमभर चांदीवर आणि श्रीमंताच्या सोन्याच्या विटेवर एकच दर असावा काय, हा प्रश्न त्याने विचारला पाहिजे आणि आपल्या प्रतिनिधींपुढे मांडला पाहिजे. कापूस व्यापाऱ्यांनी कराविषयीचा आपला प्रश्न न्यायालयात मांडून दाखविला होता.

प्रभू येशूला कराविषयी पेचात पकडू पाहणाऱ्यांकडे त्याने कराचे नाणेच मागितले आणि त्यावरील मुद्रा कोणाची, असे विचारले, हा प्रसंग आमच्या वाचकांना ठाऊक आहे. संत मत्तय तर जकातीच्या नाक्यावरूनच उठून त्याच्यामागे गेला. नाणे आणि कर यांचे नाते त्या काळापासून मनुष्याच्या सदसद्विवेकाशी जोडलेले आहे. येत्या नाताळात मुलांच्या हातावर चांदीचे नाणे ठेवताना त्याचे बिलही जपून ठेवावे आणि मूल थोडे मोठे झाले की त्या बिलावरील तीन टक्क्यांचा अर्थ त्याला समजावून सांगावा, एवढीच आमची विनंती.